बारा तारांचा हिशेब

श्रीपुरात कुठलीही वस्तू एकट्यानं विकत घ्यायची पद्धत नाही. म्हैस असो, ट्रॅक्टर असो नाहीतर चष्म्याची फ्रेम, घेणारा एक आणि ठरवणारे गावभर. त्यामुळं माझ्या पुतण्यानं इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं मनावर घेतलं आणि ती सहा तारांची घ्यावी की बारा तारांची असा त्याला पेच पडला, तेव्हा तो पेच काही फार वेळ त्याच्याकडं राहिला नाही. सकाळी टपरीवर निघालेला विषय दुपारच्या पाळीला कारखान्याच्या गेटवर पोचला आणि रात्री देवळात जमलेल्या भजनी मंडळींनी पखवाजाला कणीक लावता लावता तो हाती घेतला.

गाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकलूजहून पंढरपूरकडं निघालं, माळीनगर मागं टाकलं की पुढं हवेत मळीचा वास येतो, ते श्रीपूर. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि तिचा कारखाना इथं उभा राहिला. आता पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजचा मुक्काम हलवून याच वाटेनं बोरगावला जाते. तेव्हा गावाला दोन गोष्टी जन्मापासून कळतात, टाळ-मृदंग आणि टनेज. वस्तू चांगली की वाईट हे नंतर बघता येतं; आधी किती भरती, उतारा किती आणि दर काय.

गिटारीच्या बाबतीत सगळा घोटाळा इथंच झाला. बारा ही संख्या सहापेक्षा मोठी आहे हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

पोरानं पहिल्याच दिवशी टपरीवर भज्याच्या कागदावर आकृती काढून दाखवली. बारा तारा म्हणजे बारा वेगळे सूर नव्हेत. त्या सहा जोड्या. जाडीकडच्या चार तारांना प्रत्येकी एक बारीक जोडीदार, त्याच सुराचा पण एक सप्तक वर. उरलेल्या दोन बारीक तारांना त्यांच्यासारखीच दुसरी, अगदी त्याच सुरात. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच बोटाखाली दाबायच्या, एकाच फटक्यात छेडायच्या.

टपरीवाल्यानं भजी तळता तळता विचारलं, "म्हंजी गाणं तेवढंच?"

"तेवढंच."

"बोटं तेवढीच?"

"हो."

"आन् तारा दुप्पट." त्यानं झारा आपटला. "कुणाचा तरी तारंचा कारखाना आसणार, बघ."

यात सगळंच चूक नव्हतं. पण पोराचं म्हणणंही खरं होतं. दोन तारा कितीही निगुतीनं जुळवल्या तरी तंतोतंत एक होत नाहीत. एक सेकंदाला ४४० वेळा थरथरत असेल आणि दुसरी ४४१ वेळा, तर दर सेकंदाला आवाज एकदा फुगतो आणि एकदा बसतो. असे सहा जोड्यांचे सहा निरनिराळे हेलकावे एकात एक मिसळले की कान त्याला खोटं म्हणत नाही, गोड म्हणतो. थोडक्यात, बारा तारांच्या गिटारीचं सौंदर्य म्हणजे नीट न जुळल्याचं सौंदर्य. हे मी टपरीवर बोलून दाखवलं नाही. तिथं दोन भाऊबंद शेजारी शेजारी बसले होते आणि त्यांच्यात बांधाची केस चालू होती.

पोराचे वडील, म्हणजे आमचे दादा, कारखान्याच्या गोदामात. त्यांनी कागद मागवला आणि तारेमागं दर काढला. समजा सहा तारांची बारा हजाराला पडली, तर तार दोन हजाराला. समजा बारा तारांची तीस हजाराला पडली, तर तार अडीच हजाराला. "माल जास्त उचलला की दर उतरतो," दादा म्हणाले, "इथं चढतोय. हा कुठला व्यापार?" यावर उत्तर आहे, पण ते दरात नाही, लाकडात आहे, आणि तेही शेवटी दादांनाच सगळ्यांत आधी पटलं.

उत्तर असं. इलेक्ट्रिक गिटारीवर नेहमीच्या जाडीच्या सहा तारा सुरात ओढल्या की त्यांचा मानेवरचा एकूण ताण सत्तेचाळीस किलोच्या आसपास जातो. बारा तारा चढवल्या की तोच नव्वदीच्या घरात. आकडा ऐकून दादा गप्प झाले. पन्नास किलोचं पोतं त्यांच्या डोळ्यांपुढून रोज जातं. म्हणजे सहा तारांच्या गिटारीच्या मानेला एक साखरेचं पोतं लटकलेलं, बारा तारांच्या मानेला दोन, तेही रात्रंदिवस, आणि मान कितीची? मनगटाएवढी. म्हणून तर त्या मानेच्या पोटात लोखंडी सळई घालावी लागते. कॅलिफोर्नियातली रिकनबॅकर कंपनी आपल्या गिटारीत एकाऐवजी दोन घालते. शिवाय खुंट्या बारा, आणि त्या बसवायला जागा तेवढीच. या कंपनीनं त्यावरही तोड काढली. सहा खुंट्यांचे कान बाजूला काढले, सहांचे मागच्या अंगाला वळवले, त्यामुळं गिटारीचं डोकं मानेपेक्षा जड झालं नाही. "मग अडीच हजार बरोबर हाय," दादांनी निकाल दिला. "हमालीच हाय ती."

एवढ्यावर बारा तारांचा पक्ष जिंकला असता. पण गावात विद्युत विभाग वेगळा आहे. मोटार रिवायंडिंगचं दुकान.

गिटार इलेक्ट्रिक म्हटल्यावर ती आज ना उद्या आपल्याच दुकानात येणार, या खात्रीनं रिवायंडिंगवाल्या मामांनी पोराला बोलावून घेतलं. आत जळलेल्या वार्निशचा वास, पाच अश्वशक्तीच्या पाणबुडी मोटारी ओळीनं उघड्या पडलेल्या, आणि खिळ्याला तांब्याच्या तारेची वेटोळी. पोरानं मोबाइलवर पिकअपचा फोटो दाखवला. लोहचुंबकाच्या सहा दांड्या आणि त्यांच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली. वर लोखंडी तार थरथरते, चुंबकाचं क्षेत्र हलतं, खालच्या कॉइलमध्ये वीज तयार होते, ती ॲम्प्लिफायरला जाते.

"म्हंजी ही मोटार न्हाय," मामा म्हणाले, "ही उलटी मोटार हाय. डायनामो." त्या आठवड्यात गावात गिटारीबद्दल बोललेलं सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य हे. मामांनी वेढे किती ते विचारलं. साधारण आठ हजार, असं कळल्यावर त्यांनी पान थुंकलं. तारेची जाडी विचारली. मिलिमीटरचा सोळावा हिस्सा, केसाएवढी. मामांनी दुकानातली सगळ्यांत बारीक तार चिमटीत धरून उजेडात नेली, बराच वेळ बघितली, आणि परत खिळ्याला लावली. "तुझी कॉइल माझ्याकडं आणू नगंस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कुठल्याही कॉइलबद्दल हे वाक्य गावानं प्रथमच ऐकलं.

जाता जाता त्यांनी आणखी एक मुद्दा काढला, आणि तो खरा निघाला. अशी एकेरी कॉइल तारांचा आवाज उचलते तशी आसपासच्या विजेचीही उचलते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि गिटार इमानानं ते ऐकवते. हा आवाज पाश्चात्त्य पट्टीतल्या खालच्या जी स्वराच्या अगदी किंचित वर पडतो. म्हणजे ज्या घराच्या भिंतीला डीपी खेटलेली आहे तिथं गिटार नुसती जोडली की खर्जात एक सूर आपोआप लागतो आणि मोटारी बंद होईस्तोवर लागलेलाच राहतो. तानपुरेवाला पैसे घेतो, हा फुकट. या गुणगुणीला कंटाळून अमेरिकेतल्या गिबसन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या माणसानं १९५५ साली दोन कॉइल एकमेकींना उलट जोडून बघितल्या. बाहेरची गुणगुण दोघींत विरुद्ध येते आणि कटते, तारांचा आवाज मात्र राहतो. मामांना हे फार आवडलं. दोन कॉइल उलट जोडल्यावर धूर आल्याचंच त्यांनी आजवर पाहिलेलं.

आता ही बारा तारांची हौस जगाला लागली कशी, हेही सांगायला हवं, कारण पोराच्या खोलीत त्याचाच फोटो आहे. फेब्रुवारी १९६४. बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत उतरलेले. न्यूयॉर्कच्या हॉटेलात जॉर्ज हॅरिसन घसा धरून अंथरुणात. अशा वेळी रिकनबॅकरची नवीकोरी बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार त्याच्या हातात आली. कंपनीनं घडवलेली तशी ती दुसरीच होती. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी नेतात. त्याच वर्षी आलेल्या 'अ हार्ड डेज नाइट' या सिनेमाच्या सुरुवातीला जो एकच झंकार वाजतो, त्यात नेमके कोणते स्वर आहेत यावर गणिताचे प्राध्यापकसुद्धा भांडलेले आहेत. तो सिनेमा बघून रॉजर मॅग्विननं तशीच गिटार घेतली आणि पुढच्या वर्षी 'द बर्ड्स' या त्याच्या बँडनं त्या आवाजावर नाव काढलं. हॅरिसन मात्र दोन वर्षांत पुढं सरकला. १९६६ साली तो मुंबईला येऊन रविशंकरांपुढं मांडी घालून सतार शिकत होता. सतारीला वरच्या तारा सहा-सात आणि खाली तरफेच्या अकरा-तेरा, ज्यांना कुणी हातही लावत नाही; वर योग्य सूर वाजला की त्या आपल्या आपण बोलतात. बारा तारांवर ज्याची हौस भागत नाही त्याचं असं होतं.

आणि इथं गोष्ट फिरून आमच्या दारात येते. सतारीचा आणि तानपुऱ्याचा भोपळा येतो कुठून? मिरजेतली वाद्यं ज्या भोपळ्यांतून घडतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठाला पिकतात. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसल्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी मिरजेत तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि त्यांच्या घराण्यानं ते गाव तंतुवाद्यांच्या नावानं ओळखीचं करून टाकलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन मिरजेला गेलं याबद्दल माझी तक्रार नाही. पण भोपळा सोलापूर जिल्ह्याचा, कडू, खाण्याच्या कामाचा नाही, वाळायला महिनोन् महिने घेणारा, याचा आम्हाला थोडा अभिमान असायला हरकत नव्हती. आम्हाला अभिमान उसाचा. ऊस वाजत नाही.

खरा निकाल झाला तो देवळात, आणि तो दिला पेटीवाल्या अण्णांनी. अण्णा पेटी नुसती वाजवत नाहीत, खोलून दुरुस्तही करतात. त्या रात्री त्यांनी पोराला शेजारी बसवलं, पेटीचं झाकण काढलं आणि आतल्या पितळी रीडांच्या दोन ओळी दाखवल्या. एक खर्जाची, एक नराची, मध्ये बरोबर एक सप्तक. काळी चार दाबली की दोन्ही एकदम बोलतात. मग त्यांनी कपलर ओढला; एक पट्टी दाबली तर सप्तक सोडून दुसरी आपोआप खाली गेली, कुणी बोट न लावता.

"तुझ्या बारा तारा म्हंजी हेच ना?" अण्णा म्हणाले. "खर्ज-नर."

पोरानं मान हलवली. त्याला वाटलं होतं ही चीज कॅलिफोर्नियात निघाली.

"फरक एकच," अण्णा पुढं म्हणाले. "माझं रीड कारागीर एकदा घासून सुरात बसवतो, मग वर्ष वर्ष बघायला नगं. तुला रोज बारा खुंट्या. आन् तुझी ती मधली बारीक तार कितीची म्हणालास?"

ती मधली तार म्हणजे तिसऱ्या जोडीतली बारीक. जाडी मिलिमीटरचा पाचवा भाग. गंमत म्हणजे अख्ख्या गिटारीत सगळ्यांत उंच सूर तिचा, पहिल्या तारेच्याही वरचा, आणि ती बसलीय मध्यात, चारी बाजूंनी थोरामोठ्यांच्या गर्दीत. तुटायची झाली की पहिल्यांदा हीच तुटते. कधी जुळवताना, कधी वाजवताना, कधी रात्री गिटार तिच्या खोक्यात बंद असताना. अण्णांनी तिच्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि झाकण लावलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मॅथेसन या जर्मन संगीतकारानंही ल्यूट या अशाच बहुतारी वाद्यावरून चेष्टा केली होती, की ऐंशी वर्षांच्या वादकाची साठ वर्षं तारा जुळवण्यात गेलेली असतात. अण्णांनी मॅथेसन वाचलेला नाही. पेटी खोलून ते त्याच मुक्कामाला पोचले.

भजनात वीणेकरी आप्पा उभे होते. वीणा गळ्यात, कारण सप्ताहात ती खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात, दिवसरात्र. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ही खाली ठेवता येती का?"

"येते की आप्पा. स्टँड मिळतो."

"मग काय आवघड हाय?" म्हणाले आणि परत डोळे मिटले.

यानंतर बेंजोवाल्यांचं मत घेणं बाकी होतं. सोलापूर जिल्ह्यात तारेचं विजेवर चालणारं वाद्य म्हणजे बेंजो, गिटार नव्हे, आणि हे बेंजो पार्टीला नीट माहीत आहे. वरातीत टेम्पोवर कर्णा, मागं जनरेटर, पुढं ऑक्टापॅड आणि मधोमध टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेला बेंजो. हे मूळचं जपानचं ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात निघालं. आपल्याकडं येऊन बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्रात पिकअप लावून लग्नाला उभं राहिलं. बेंजोवाल्यानं पोरापुढं आपलं वाद्य उलगडलं. सुराच्या तारा एकेकट्या नाहीतच, जोडीनं, त्याच सुरात लावलेल्या. का, तर एकच लावली की आवाज उघडा पडतो, वरातीच्या गर्दीत मरतो. "आमच्याकडं जोड्या पयल्यापास्नं हायत," तो म्हणाला. "तू ती घोड्यावरनं नवरा उतरंपातूर सुरात ठेवून दाव, मग बोल."

माझं मत मला कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहितो. पोरानं सहा तारांची घ्यावी असंच मला वाटत होतं, आणि कारण दराचं नव्हतं की ताणाचं. बारा तारांवर तार ओढून सूर चढवता येत नाही, म्हणजे येतो, पण जोडीतली दुसरी निम्म्या वाटेत राहते आणि दोघी मिळून कोकलतात. तार ओढणं हीच गिटारीवरची मींड. ज्याच्या कानात लहानपणापासून भजनातले आलाप आणि अकलूजच्या लावणी स्पर्धेतली ठसकेबाज हरकत गेलीय, त्यानं मींड सोडून झंकार घ्यावा हे मला पटत नव्हतं. लावणीला झंकार देणारं तुणतुणं आहेच, आणि ते बिचारं एका तारेवर भागवतं. शिवाय झंकार हवाच असेल तर दुसरा मार्ग आहे. एक डबी मिळते, कोरस पेडल. आत आलेल्या आवाजाची ती दुसरी प्रत काढते, क्षणभर उशिरा आणि किंचित हलती, आणि दोन्ही एकत्र सोडते. तार एक, ऐकू येतात दोन. बॉस कंपनीनं १९७६ साली ही पहिली डबी काढली. तीही जपानी. बेंजो आणि ही डबी मिळून जपाननं श्रीपूरवर दोनदा उपकार केले असं धरायला हरकत नाही.

ऊसबिलाचा पहिला हप्ता जमा झाला तशी दादांनी पोराला पुण्याला पाठवलं. मी बरोबर होतो. दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या. सहा तारांच्या इलेक्ट्रिक लाल, काळ्या, मोरपंखी. दुकानदारानं बारा तारांची म्हटल्यावर कोपऱ्यातून एक लाकडी काढली, ती नुसती लाकडी, वीज नाही. "इलेक्ट्रिकमध्ये बारा? ऑर्डर द्यावी लागेल. ॲडव्हान्स पूर्ण. कधी येईल सांगता येत नाही. फार कुणी घेत नाही ना." गावात पंधरा दिवस चाललेला वाद त्यानं एका वाक्यात निकालात काढला, आणि आपण काय केलं हे त्याला कळलंही नाही. पोरानं मोरपंखी सहा तारांची निवडली, बरोबर ती डबी, आणि एक लहान ॲम्प. दुकानदारानं तारांचा एक जादा संच फुकट दिला. पोरानं लगेच गिटार जोडून तिच्यावर 'चुरा लिया' वाजवलं, तीन जागी चुकलं, पण डबीच्या कृपेनं चूकसुद्धा दोघांनी मिळून केल्यासारखी वाटली.

रात्री गाडी गावात शिरली तेव्हा टपरी अजून उघडी होती. गिटारीचं खोकं उघडलं. सगळ्यांनी वाकून तारा मोजल्या. रिवायंडिंगवाल्या मामांनी पिकअपवर बॅटरी मारून बघितली आणि हात लावला नाही. अण्णांनी एक तार छेडली आणि पट्टी ओळखली. दादा गोदामातून रात्रपाळी सोडून आलेले. त्यांनी पावती आधी वाचली, मग परत एकदा, बोट ठेवून, तारा मोजल्या. सहाच भरल्या.

"बाकीच्या सहा कधी मिळणार?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्या हप्त्यात?"